प्रेमकथांचं ऑडिट

प्रेमात पडून हातपाय मोडून घेतलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. प्रेमकथा अंगावर पडून पाय मोडलेला माणूस मात्र सबंध पुणे शहरात मी एकटाच असेन.

झालं असं की दिवाळीच्या आधीची साफसफाई चालू होती. माळ्यावर आईची एक पत्र्याची ट्रंक आहे. साताऱ्याचं घर विकलं तेव्हा आई आमच्याकडे राहायला आली आणि तिच्याबरोबर ही ट्रंकही आली. आत पितळेची भांडी असावीत असा घरातला सर्वसाधारण समज होता. सौ. म्हणाली, "अहो, एवढी ट्रंक खाली काढून द्या." मी स्टुलावर चढलो. या स्टुलाचा चौथा पाय गेल्या दिवाळीपासून दुरुस्तीला आलेला होता. पण 'बघू' असं म्हणून मी ते काम सस्पेन्स अकाउंटला टाकून ठेवलं होतं. त्या दिवशी ते अकाउंट एकदम बंद झालं. आधी स्टूल गेलं, मग मी, आणि माझ्या मागोमाग ट्रंक. डोळे उघडून पाहिलं तर भांडं एकही नाही. माझ्या छातीवर, पोटावर आणि मोडक्या पायावर पिवळी पडलेली तेवीस पुस्तकं. डोक्याशी पडलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक तरुणी झाडाला टेकून उभी होती आणि माझ्याकडे न बघता क्षितिजाकडे बघत होती.

सौ. धावत आली. तिने विचारलं, "लागलं का हो?" मागून आई आली. तिने विचारलं, "पुस्तकं फाटली नाहीत ना?" मी हा प्रश्न तिच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या खात्यावर नावे टाकला आणि कण्हत राहिलो.

डॉक्टरांनी घोट्याला प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे विश्रांती सांगितली. बँकेतल्या माणसाला सहा आठवडे रजा म्हणजे पर्वणीच, असं लोकांना वाटतं. पण पहिले दोन दिवस शाखेच्या ग्रुपवर सगळ्यांनी गुलाबाच्या फुलांची चित्रं पाठवली, तिसऱ्या दिवशी 'चेकबुकच्या कपाटाची किल्ली कुठे आहे?' असा एक संदेश आला आणि मग सगळे मला विसरले. टीव्ही पाहून डोळे दुखले, फोन पाहून मान दुखली. शेवटी सातव्या दिवशी मी हात लांब करून त्या ढिगातलं पहिलं पुस्तक उचललं.

वाचकहो, मी बी.कॉम. आहे. अकरावीला कॉमर्स घेतलं तेव्हाच मराठी साहित्याशी असलेलं माझं खातं जवळजवळ बंद झालं. रोज वाचतो ती परिपत्रकं. त्यामुळे लागोपाठ तेवीस प्रेमकथा वाचल्यावर माझ्या मनात ज्या प्रतिक्रिया उमटल्या, त्या रसिकाच्या नसून ऑडिटरच्या आहेत. पण त्या इतक्या प्रामाणिक आहेत, की कुठेतरी नोंदवून ठेवल्याच पाहिजेत.

आक्षेप पहिला : नायकाच्या उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही.

मी वहीत रीतसर रकाने आखून टिपण केलं. तेवीस नायकांपैकी अकरा डॉक्टर, चार चित्रकार, तीन प्राध्यापक, दोन वैमानिक, दोन इस्टेटीचे मालक आणि एक 'उमदा तरुण'. आमच्या कर्जाच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात 'उमदा तरुण' असा पर्याय नाही. हे लोक महाबळेश्वरला जातात, मोटारी चालवतात, नायिकेला मोत्याचा सर देतात. पण महिनाअखेर कुणालाही येत नाही. डॉक्टर नायकाकडे तर सबंध कादंबरीत एकच पेशंट येतो, ती म्हणजे नायिका. आणि तिच्याकडून तो फी घेत नाही.

बँकेतला नायक एकही नाही. नाही म्हणायला एका कादंबरीत बँकेत नोकरी करणारा एक मुलगा आहे. तो नायिकेला बघायला येतो, पोहे खातो, "नोकरी पर्मनंट आहे," असं सांगतो आणि निघून जातो. नायिका त्याला नकार देते आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडते. हे सगळं बाराव्या पानावर. पुढे दोनशे पानांत त्या बिचाऱ्याचा उल्लेख नाही. त्याचं पुढे लग्न झालं का, त्याला प्रमोशन मिळालं का, बदली कुठे झाली, काहीही कळत नाही. ती कादंबरी वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते एवढ्या एकाच ठिकाणी.

आक्षेप दुसरा : फरक वेळेवर शोधला जात नाही.

नायिका बागेत, स्टेशनवर किंवा थिएटरच्या दाराशी नायकाला दुसऱ्या एका तरुणीबरोबर हसताना पाहते. ती तरुणी नायकाची मावसबहीण असते. हे लेखकाला माहीत असतं, नायकाला माहीत असतं, मोलकरणीला माहीत असतं आणि नव्वदाव्या पानापासून मलाही माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त नायिकेला. ती एका शब्दाने विचारत नाही. आत्याच्या गावी निघून जाते, शाळेत शिक्षिकेची नोकरी धरते आणि पान दोनशे चाळीसपर्यंत पांढऱ्या साड्या नेसते. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड लेजरं होती. संध्याकाळी तीन रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत हेडकॅशियर कुणाला चपला घालू देत नसे. तो गृहस्थ या कादंबऱ्यांत असता तर त्याने दोघांना समोर बसवून विचारलं असतं, "ती बाई कोण?" "मावसबहीण." "झालं टॅली. चला घरी." दीडशे पानं कागद वाचला असता.

आक्षेप तिसरा : पाऊस.

प्रेमकथेतला पाऊस नायिकेकडे छत्री नसतानाच येतो. तो दोघांनाच भिजवतो. त्याने कुठे गटार तुंबत नाही, वीज जात नाही, दुधाची पिशवी फुटत नाही. लग्नाआधी एकदा मीही सौ.ला पर्वतीवर पावसात नेलं होतं. परत येताना स्कूटरच्या प्लगमध्ये पाणी गेलं आणि सारसबागेपर्यंत मी स्कूटर ढकलत आलो. सौ. मागून दोघांच्या चपला हातात धरून चालत होती. हे दृश्य कुठल्याही मुखपृष्ठावर चालण्यासारखं नव्हतं. तरी तिने लग्नाला होकार दिला, याचं मला अजून नवल वाटतं.

आक्षेप चौथा आणि सर्वांत गंभीर : खातं उघडल्याबरोबर वही मिटली जाते.

सगळे गैरसमज फिटतात, वडील विरघळतात, सनईचे सूर येतात आणि 'समाप्त'. अहो, खातं तर आत्ता उघडलं! पूर्वी बचत खात्यावर व्याज कसं मिळायचं ते जुन्या खातेदारांना आठवत असेल. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत सर्वांत कमी जी शिल्लक असेल, तीच धरायची. मग १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने नियम बदलला आणि रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झालं. प्रेमकथाकारांचा नियम याहून निराळा. ते सर्वांत जास्त शिल्लक ज्या दिवशी असेल, तो एकच दिवस धरतात. संसारात मात्र रोजची शिलक मोजली जाते. त्यातही काही दिवशी खातं ओव्हरड्रॉन असतं.

पहिल्या पंधरवड्यातलं माझं मत हे असं होतं. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी हे सगळे आक्षेप लिहीत होतो आणि पुस्तकं मात्र सोडत नव्हतो. "जेवायला येताय ना?" असं सौ.ने विचारलं की मी म्हणायचो, "थांब, ती आत्ता रेल्वेत बसतेय." सकाळी सातला वाचायला घेऊन रात्री बाराला दिवा घालवायचा, असं मी बी.कॉम.च्या परीक्षेलाही केलं नव्हतं.

आणि एवढं वाचल्यावर जरा जाण आली. या धंद्याला इतिहास आहे. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. म्हणजे मराठी माणूस दीडशेहून अधिक वर्षं नायक-नायिकांची ताटातूट वाचतो आहे आणि अजून त्याला मावसबहिणीचा संशय येत नाही. मग फडके आले. राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या प्राध्यापकांनी १९२८ साली 'जादूगार' लिहिली आणि कित्येक तरुणांना भांग पाडायला शिकवलं. शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केलेल्या खांडेकरांचा प्रकार वेगळा. त्यांच्याकडे प्रेमाबरोबर त्यागाचा हप्ताही कापला जातो. एकाची कलेसाठी कला, दुसऱ्याची जीवनासाठी कला, असा वाद त्या काळी रंगला होता म्हणे. खांडेकरांना पुढे 'ययाती'साठी १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं.

आणि काकोडकर! त्यांचं नाव आमच्या लहानपणी मोठ्या माणसांसमोर घ्यायची सोय नव्हती. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'श्यामा'वर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली ते निर्दोष सुटले. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरून केलेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट आला आणि तो लोकांनी बायकामुलांसह पाहिला. एकाच लेखकाच्या खात्यावर एकाच वर्षी इतकी नावे आणि इतकी जमा मी दुसऱ्या कुणाच्या बघितलेली नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक पुस्तकात समासात खुणा आहेत. एका ठिकाणी निळी टिक, थोडं पुढे गेलं की लाल टिक. कुठे दोघींमध्ये अर्धं पान, कुठे दीड पान. लायब्ररीच्या पुस्तकांत 'पुढे ती मरते' असं लिहून ठेवणारे परोपकारी वाचक मला माहीत होते, पण या खुणा शिस्तीच्या होत्या. लाल-निळ्या पेन्सिलीच्या. आणि ती टिक मारायची ढब, शेवटी किंचित वर वळणारी, मला कुठेतरी ओळखीची वाटत होती.

एकविसावं पुस्तक उघडलं आणि मी उडालोच. पायाला प्लास्टर असल्यामुळे अर्धाच उडालो. पान सेहेचाळीसवर माझ्या दहावीच्या बीजगणिताच्या वहीचा फाडलेला कोपरा होता!

हे पुस्तक मी ओळखलं. त्याचं नाव इथे सांगत नाही. कारण त्यावर अजून साताऱ्याच्या राजवाड्याजवळच्या एका सर्क्युलेटिंग लायब्ररीचा शिक्का आहे आणि मी त्यांचा १९९५ सालापासूनचा थकबाकीदार आहे. तिथे पंचवीस रुपये अनामत आणि दिवसाला पन्नास पैसे भाडं होतं. मी हे पुस्तक बीजगणिताच्या वहीत घालून वाचत होतो. नायक पुलावर उभा होता, नायिका टांग्यातून येत होती, आणि त्या दोघांच्या मध्ये आमचे अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेत हिशेब खात्यात होते. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटून पाहिलं आणि म्हणाले, "यात एक तरी आकडा खरा आहे का?" मी गप्प. "असली पुस्तकं वाचून आजपर्यंत कुणाचं भलं झालंय?" मी गप्प. पुस्तक जप्त झालं. लायब्ररीवाल्यांना तोंड कसं दाखवायचं म्हणून मी वर्षभर राजवाड्यावरून जायचं सोडलं आणि लांबच्या गल्लीने शाळेत जात राहिलो. त्या टांग्यातून पुढे कोण उतरलं, हे मला तीस वर्षं कळलं नव्हतं.

आणि आता त्याच पुस्तकात, पान सेहेचाळीसच्या पुढे, शेवटपर्यंत निळ्या आणि लाल टिका!

आई शेजारी बसून वाटाणे सोलत होती. मी पुस्तक तिच्यासमोर धरलं. "आई, ही पुस्तकं कुणाची?"

"आमची," आई म्हणाली.

"आमची म्हणजे?"

"म्हणजे हे वाचायचे आणि मी ऐकायची. रात्री जेवणं झाली, तुम्ही पोरं झोपलात, की स्वयंपाकघरात. मी दुसऱ्या दिवशीची भाजी निवडायची आणि हे वाचायचे."

"अण्णा? प्रेमकथा?"

"मग काय सर्क्युलरं वाचणार होते मला?"

मला एकदम ते सगळं आठवलं. बाहेरच्या खोलीत आम्ही भावंडं झोपायचो, आणि रात्री दहाच्या सुमाराला स्वयंपाकघरातून अण्णांचा एकसुरी आवाज यायचा. मला वाटायचं, दोघं महिन्याचा हिशेब करताहेत. रोज रात्री तासभर हिशेब! इतकं काटकसरी जोडपं जिल्ह्यात नसेल असं वाटून मला त्यांचा अभिमानही होता.

"आणि तूच का नाही वाचायचीस? सातवी पास आहेस ना?"

"हात कुठे मोकळे होते रे?"

"आणि या खुणा?"

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. ती हसायला लागली. मी तिला असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"तेवढं ते गाळायचे. स्वभाव लाजरा. ऑफिसातून आले की चहा घेता घेता पुढची पानं आधी बघून ठेवायचे. जिथे काही तसलं असेल तिथे निळी खूण, ते संपलं की लाल. रात्री वाचताना निळ्यावरून थेट लालवर उडी."

"तुला कळायचं नाही?"

"न कळायला काय झालं? नायक रात्री दाराशी उभा असायचा आणि एकदम सकाळचा चहा यायचा!"

"मग तू काय करायचीस?"

"करायचं काय! दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही शाळेत, हे ऑफिसात. तेवढंच काढून वाचायची. शोधायला लागत नव्हतं. खुणा आयत्याच होत्या."

मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. मग विचारलं, "अण्णांना हे माहीत होतं?"

आईने शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले आणि म्हणाली, "लपवायचंच असतं तर साध्या शिसपेन्सिलीने बारीक ठिपका दिला असता. लाल-निळ्याने एवढ्या ठळक खुणा कोण करतं?"

वाचकहो, माझ्या आईवडिलांचं सबंध आयुष्यातलं संभाषण मला विचाराल तर मी दोन वाक्यांत सांगितलं असतं. "पंचा कुठाय?" "दोरीवर." अण्णांनी आईला कधी नावाने हाक मारली नाही. सिनेमाला नेलं ते देवदर्शनाला न्यावं तसं, चार नातेवाईक बरोबर घेऊन. दहा वर्षांपूर्वी अण्णा गेले तेव्हा मी मनातल्या मनात त्यांची सगळी खाती तपासली होती. कर्तव्य, प्रामाणिकपणा, शिस्त, सगळीकडे भरपूर जमा. प्रेम या खात्यात मात्र मी 'व्यवहार नाही' असा शेरा मारला होता. बँकेत दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय ठरतं, दहा वर्षं झाली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. मी तर ते कधीच बंद धरलं होतं. आणि इथे रोज रात्री दहा वाजता भरणा होत होता, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचपावती जात होती, आणि घरातला भावी बँक कर्मचारी बाहेरच्या खोलीत घोरत होता.

कुतूहलाने मी निळ्या ते लाल असं सगळं वाचून काढलं. अण्णांना स्वयंपाकघरात मोठ्याने वाचायची लाज वाटली असं त्यात होतं तरी काय? एका ठिकाणी नायिकेच्या वेणीतलं मोगऱ्याचं फूल गळून पडतं आणि नायक ते खिशात ठेवतो. एका ठिकाणी डॉक्टर नायक तिची नाडी बघतो आणि हात सोडायला विसरतो. सर्वोच्च न्यायालय राहू द्या, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनेसुद्धा त्यांना निर्दोष सोडलं असतं. पण वाचताना माझ्या डोळ्यांसमोर नायक-नायिका येईनात. चहाचा कप आणि पेन्सील घेऊन बसलेले अण्णा येऊ लागले.

आता एक कबुली. दिवाळीच्या महिनाभर आधी मी आमच्या कन्येच्या दप्तरातून एक जाडजूड इंग्रजी प्रेमकथा जप्त केली होती. तीही दहावीत आहे. मी पुस्तक उलटून पाहिलं होतं आणि म्हणालो होतो, "असली पुस्तकं वाचून आजपर्यंत कुणाचं भलं झालंय?" शब्द न् शब्द तोच. फक्त आकड्यांचा मुद्दा विसरलो होतो. पुस्तक माझ्या कपाटात, आयकराच्या फायलीखाली होतं. तेविसावं पुस्तक संपल्यावर हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून... म्हणजे, मुलं काय वाचतात ते पालकाला माहीत असावं म्हणून मी तेही वाचलं.

सांगायला हवं की या बाबतीत साहेबही आपल्यापेक्षा पुढारलेला नाही. लंडनला १९०८ साली मिल्स अँड बून निघाली, १९७१ साली कॅनडाच्या हार्लेक्विनने ती घेतली, कंपनीचे मालक बदलले. पण नायिकेने एका शब्दाने विचारायचं नाही, हे धोरण कायम आहे. कन्येच्या पुस्तकात मुलगा आणि मुलगी एकाच शाळेतली. दोघांकडे मोबाईल. दिवसाला दोनशे संदेश. तरी गैरसमज एकशे चाळीस पानं टिकतो! आमच्या टांग्याच्या काळात निदान पत्र पोचायला चार दिवस लागायचे. शिवाय ज्या मुलीवरून गैरसमज झाला, ती कोण निघावी? मावसबहीण. मी पुस्तक मिटून छातीवर ठेवलं आणि मला फार बरं वाटलं. जग इतकंही बदललेलं नाही.

संध्याकाळी कन्येला हाक मारून पुस्तक परत दिलं. "अभ्यास सांभाळून वाच," असं म्हणालो.

तिने पुस्तक उघडलं. "बाबा, तुम्ही वाचलंत हे?"

"छे! जरा चाळलं."

"मग पान दोनशे बारावर तुमच्या बँकेची पैसे काढायची स्लिप कशी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने स्लिप परत दिली आणि दारातून वळून विचारलं, "ती बहीण असणार, हे तुम्हाला कधी कळलं?"

"सत्तराव्या पानावर," मी म्हणालो.

"मला पन्नासाव्या," ती म्हणाली आणि गेली. गेल्या वर्षभरात आम्हा दोघांत झालेलं हे अभ्यासाखेरीजचं पहिलं संभाषण.

राहता राहिली माझी थकबाकी. ते एकविसावं पुस्तक पुन्हा चाळताना शेवटच्या पुठ्ठ्याला डकवलेल्या लायब्ररीच्या खिशात बोटाला काही तरी लागलं. एक पावती. १९९५ सालची, पुस्तक जप्त झाल्यानंतर आठवड्याने केलेली. 'कादंबरी १, किंमत रु. ४०. अनामतीतून वजा रु. २५. रोख मिळाले रु. १५.' खाली अण्णांचं नाव. म्हणजे अण्णांनी माझं खातं तेव्हाच मिटवलं होतं आणि मी वर्षभर उगाच लांबच्या गल्लीने शाळेत जात होतो! पण त्यांनी मला सांगितलं नाही, आणि ते कसे सांगणार? पुस्तक परत न करता विकत का घेतलं, हे सांगावं लागलं असतं. टांग्यातून कोण उतरलं, ते आईला सांगायचं राहिलं होतं ना.

तेव्हा आता मी थकबाकीदार नाही. पुस्तकाचं नाव सांगायला हरकत नाही. पण सांगत नाही. ते दोघांच्या संयुक्त खात्यातलं आहे आणि त्यांतला एक खातेदार हयात आहे.

परवा प्लास्टर निघालं. काल रजेचा शेवटचा दिवस होता. रात्री जेवणं झाल्यावर सौ. स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी काठी टेकत तिच्यासमोर जाऊन बसलो, पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सौ.ने वर पाहिलं. "अहो, ताप-बीप आहे का?" मी मान हलवली आणि वाचत राहिलो. ती काही बोलली नाही. पण मेथी निवडण्याचा वेग कमी झाला. टांगा आला. नायिका उतरली. नायक तिच्या घरापर्यंत आला, रात्रीची वेळ, बाहेर पाऊस, तो दाराशी उभा राहिला. आणि समासात निळी टिक आली.

भिंतीपलीकडे आईची खोली. हॉलमध्ये कन्या. मी घसा साफ केला, पान उलटलं आणि वाचलं, "सकाळी चहा घेताना ती म्हणाली..."

सौ.ने मेथीची जुडी खाली ठेवली नाही. वरही पाहिलं नाही. फक्त म्हणाली,

"उद्या बँकेत जाताना पुस्तक इथेच ठेवून जा."